मोठी संख्या हातात घेताना

मोठ्या संख्येचे विभाजक हाताने शोधायचे, तर एकदम वीस अंकी संख्येच्या मागे लागू नकोस. घराचा पिनकोड घे. नाशिक शहराचा ४२२००१ कसा वाटतो?

आधी अंकांची बेरीज कर: ४+२+२+०+०+१ = ९. म्हणजे ९ ने भाग जाणार, आणि जातोच, उत्तर ४६८८९. अंकांच्या बेरजेनेच भाग गेला की ती ‘हर्षद’ संख्या. हे नाव आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दिलेलं. गंमत म्हणजे देवळाली कॅम्पचा ४२२४०१ हर्षद नाही! बेरीज १३, बाकी ५ उरते.

आता खरी मेहनत ४६८८९ ची, ती मूळ संख्या आहे का ते बघायची. त्याचं वर्गमूळ २१६ च्या थोडं पुढे, म्हणून २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून बघायचं, पुढे जायची गरज नाही. मी वीजबिलाच्या पाठीमागे हे करत बसलो होतो. १७३ ला बाकी ६ आली, तीही चुकून शून्य लिहिली आणि तासभर उगाच खूश होतो. म्हणून बाकी नेहमी उलटा गुणाकार करून तपास: १७३ × २७१ = ४६८८३. शेवटी यांतल्या कुठल्याच मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणजे ४६८८९ मूळच.

तर ४२२००१ = ३² × ४६८८९. घातांक २ आणि १, त्यांत एकेक मिळवून गुणाकार कर, ३ × २ = ६ विभाजक. स्वतःला वगळून त्यांची बेरीज १८७५६९, संख्येच्या निम्मीही नाही.

कॅल्क्युलेटर वापर, पण पहिल्या दोन-तीन संख्या हातानेच कर. पुढची नाशिकरोडची घे, ४२२१०१.