वाचकांचे प्रश्न : ५० वॉट आणि गच्चीवरची तार, काँटेस्टमधे कोण ऐकणार?

प्रश्न : यंदाच हॅम रेडिओचं (हौशी बिनतारी) रिस्ट्रिक्टेड म्हणजे सुरुवातीच्या ग्रेडचं लायसन्स आलं, व्हीयू३ ने सुरू होणारा भारतीय कॉलसाईन (स्टेशनचं ओळखनाव) मिळालाय. रिग (रेडिओ संच) सेकंडहँड, ५० वॉटच्या वर जायची परवानगी नाही, टॉवर किंवा बीम (एका दिशेला रोखलेली मोठी अँटेना) काही नाही, दुमजली घराची गच्ची तेवढी आहे. ऑक्टोबरच्या सीक्यू वर्ल्डवाईडमधे (दोन दिवसांत जगभरच्या जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायची काँटेस्ट) उतरायची इच्छा आहे पण एवढ्या मोठमोठ्या स्टेशनांच्या गर्दीत आपल्याला कोण विचारणार? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अहो, तेच तुम्हाला शोधत असतात! या काँटेस्टमधे पॉइंटांना तुम्ही गाठलेले देश आणि झोन (जगाचे पाडलेले विभाग) यांच्या बेरजेने गुणतात, तेही प्रत्येक बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) वेगवेगळे मोजून. आपण झोन २२ मधे, सोबत श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव, बस्स. आता इतक्या ठिकाणांहून त्या दोन दिवसांत हवेत असणारे लोक किती? म्हणून इटलीतल्या एखाद्या भल्यामोठ्या बीमवाल्याला १० मीटरवर झोन २२ मिळायचा राहिला असेल ना, तर तुमचा कॉल अर्धामुर्धा ऐकू आला तरी तो बाकीच्यांना थांबवून "विक्टर युनिफॉर्म थ्री (म्हणजे व्हीयू३), अगेन अगेन" करत बसतो.

खरी अडचण उलटी असते, ते तुम्हाला ऐकतात, तुम्हालाच ते ऐकू येत नाहीत. गावात नॉईज भयंकर. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, सोलर, सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर, आणि काँटेस्ट ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी म्हणजे दिवाळीच्या आसपास, त्यामुळे गॅलरीगॅलरीत लायटिंगच्या माळा. आधीच एक काम करा, रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा, घराचा मेन स्विच बंद करा आणि रिगवरच्या एस-मीटरकडे (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) बघा. काटा एस७ वरून एस२ ला आला तर चोर घरातच आहे, मग एकेक एमसीबी वर करत जा, कुठल्या खोलीत काटा उडी मारतो ते लगेच कळतं. काटा हललाच नाही तर शेजारी, तिथे मात्र गोडीगुलाबीने घ्यावं लागतं, फराळाचं ताट घेऊन गेलात तर माळ रात्री दहाला बंद होऊ शकते.

अँटेनाचा बाऊ करू नका. हाफवेव्ह डायपोल (मधोमध जोडलेली दोन तारांची साधी अँटेना), त्याची लांबी मीटरमधे म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ. २८.४ (१० मीटरचा बँड) साठी साधारण ५ मीटर, २१.२ (१५ मीटरचा बँड) साठी पावणेसात, तारांच्या दोन्ही जोड्या एकाच कोॲक्स केबलला लावून बांबूच्या टोकावर मध्य आणि टोकं खाली उतरती, एवढी जागा कुठल्याही गच्चीवर निघते. तार थोडी लांबच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा, कमी तितका बरा) बघत बघत कापा. विजेच्या तारांपासून लांब, आणि टोकं पोरांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच. सूर्यावर डाग भरपूर असतील तर १० मीटर उघडं असतं, नसतील तर १५ आणि २० वर भिस्त.

वेळ यूटीसी असते म्हणून आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला संपतं. सकाळी जपानी जोरात येतात पण ते आशियातले, म्हणून एकच पॉइंट. दुपारनंतर युरोप उघडतं, तिथे प्रत्येकाचे तीन, म्हणून झोप सकाळी काढा, संध्याकाळ सोडू नका (घरी आधी सांगून ठेवा, पाहुणे त्याच वेळी टपकतात). आपल्या देशातल्या स्टेशनचे शून्य पॉइंट, पण देश आणि झोन त्यातूनही मोजले जातात, म्हणून प्रत्येक बँडवर एखाद्या ओळखीच्या व्हीयूवाल्याला पकडून ठेवाच.

सुरुवातीला स्वतः सीक्यू ("कोणी आहे का" अशी सगळ्यांना हाक) मारू नका, बँडवर फिरत फिरत जोरात येणाऱ्यांना बोलवा. समोरच्याचा कॉल नीट ऐकून घ्या, मग आपला पूर्ण कॉल एकदाच, त्याने "फिफ्टी नाईन फिफ्टीन" (५९ म्हणजे सिग्नलचा दर्जा, १५ म्हणजे त्याचा झोन) म्हटलं की तुम्ही "फिफ्टी नाईन ट्वेंटी टू", झालं. नाव, गाव, हवामान काही नाही. आवाज कितीही बारीक असला तरी सगळे ५९ च देतात, तो निव्वळ रिवाज आहे. नंतर हात बसला आणि १० मीटरच्या वरच्या भागात मोकळी जागा सापडली की मग सीक्यू मारून बघा, कोणी तुमचा कॉल डीएक्स क्लस्टरवर (कुठलं स्टेशन कुठे ऐकू येतंय ते सांगणारी ऑनलाईन यादी) टाकला तर अशी झुंबड उडते की विचारू नका.

प्रश्न : मी आठवीत आहे. लायसन्स नाही तर काँटेस्ट ऐकता येईल का? – एक वाचक, बारामती

उत्तर : हो की. नेदरलँडमधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ) ब्राउझरमधे उघड आणि काँटेस्टच्या शनिवारी १४ मेगाहर्ट्झवर (२० मीटर) जा. कागदावर कॉलसाईन उतरवून काढायची सवय कर, तीच पुढे कामाला येते. आणि १२ वर्षं पूर्ण असतील तर परीक्षाही देता येते, रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही.

प्रश्न : माझे जेमतेम तीस-चाळीसच काँटॅक्ट होतात. एवढासा लॉग (काँटॅक्टची यादी) काँटेस्टवाल्यांना पाठवायचा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : पाठवायचाच. तुमच्या लॉगवरून बाकीच्यांचे लॉग तपासले जातात. एन१एमएम हे फुकटचं सॉफ्टवेअर कॅब्रिलो फाईल (लॉग पाठवायचा ठरलेला नमुना) आपोआप बनवून देतं, सीक्यू वर्ल्डवाईडला मुदत फक्त पाच दिवसांची. लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर रूकी म्हणजे नवशिक्यांच्या गटावर टिक करा. आणि ऐकू न आलेला कॉल अंदाजाने लिहू नका, चुकला तर तो काँटॅक्ट जातोच, वर त्याच्या दुप्पट पॉइंट कापतात.