कंबोडियाला जाऊ दे, पण चार आठवड्यांसाठी नको

(बार्शीच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पुण्यात टीवायबीएला, मानसशास्त्र घेऊन. परीक्षा झाली की तिला कंबोडियात सिएम रीपजवळच्या एका खेड्यात चार आठवडे मुलांना इंग्रजी शिकवायला जायचं आहे. ज्या एजन्सीतर्फे जायचं ती १ लाख ४० हजार रुपये मागते, विमानाचं तिकीट वेगळं. वडील म्हणतात, पदरचे पैसे देऊन कुणी काम करतं का? मुलगी म्हणते, मला पुढे याच क्षेत्रात राहायचंय. आईने विचारलं आहे : पाठवू का, ती तिथे सुखरूप राहील का, आणि यावर पुढे पोट भरेल का?)

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीची इच्छा चांगली आहे, ती मोडू नका, हे आधी सांगते. पण हे चार आठवडे आणि हे १ लाख ४० हजार, याला माझा नकार आहे. का, ते सविस्तर लिहिते. हे पत्र तिलाही वाचायला द्या.

कंबोडियाची भाषा ख्मेर. तिची लिपी आपल्या लिपीसारखीच ब्राह्मीच्या कुळातली, दक्षिणेतल्या पल्लवांच्या लिपीतून तिकडे गेलेली. मुळाक्षरांचा क्रमसुद्धा आपलाच : क, ख, ग, घ, ङ. पण तिथलं मूल ती म्हणतं कॉ, खॉ, को, खो, ङो. व्यंजनांचे दोन गट आहेत. एकच काना पहिल्या गटातल्या अक्षराला लागला की ‘आ’ वाचायचा, दुसऱ्या गटातल्याला लागला की ‘ईअ’. आपल्या ‘भाषा’ला ते लिहितात भासा आणि म्हणतात फीअसा. ‘गुरू’चं तिथे ‘क्रू’ झालंय, ‘शाला’चं ‘साला’. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी बारीक काढतात आणि त्याला ‘पाय’च म्हणतात. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, सगळी ओळ सलग. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे मुलाने स्वतः ओळखायचं. पहिली-दुसरीतल्या पोरांना हे केवढं जड जात असेल, विचार करा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी ताकेओ प्रांतातल्या एका शाळेत दहा महिने होती. पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट तिने मला सांगितली, ती मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दुसरीतला एक मुलगा धडा घडाघडा वाचत होता. बोट ओळीखाली, मान डोलतेय. ही खूश. वर्गाच्या बाई, म्हणजे तिकडच्या भाषेत नेअक क्रू, हळूच आल्या आणि त्यांनी पानावरच्या चित्रावर तळहात ठेवला. मुलगा थांबला. बोट तिथेच, तोंडातून शब्द नाही. चित्रात म्हैस, झाड, आजी होती तोवर त्याला धडा येत होता. बाईंना ते दारातूनच कळलं होतं. माझ्या विद्यार्थिनीला शेजारी बसून कळलं नव्हतं.

तुमची मुलगी कितीही हुशार असली तरी चार आठवड्यांत तिला हे कळणार नाही. मग ती शिकवणार काय? एबीसीडी, रंगांची नावं, डोकं-खांदे-गुडघ्यांचं गाणं. महिन्याने ती परत येईल, पुढची तुकडी जाईल आणि तेच गाणं पहिल्यापासून सुरू करेल. मुलं ते आनंदाने म्हणतील, फोटो छान येतील. दरवेळी लळा लावून कुणीतरी निघून जातं, तेही त्या मुलांनीच सोसायचं. तिने मानसशास्त्र घेतलंय, तेव्हा हा मुद्दा तिला माझ्याहून चांगला समजेल.

त्या देशात शिक्षक ही काय चीज आहे, हेही तिला ठाऊक हवं. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात तिथे ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाची सत्ता होती; तिने शाळा बंद पाडल्या आणि शिकलेल्या माणसांना वेचून मारलं. उपासमार, आजार आणि हत्या धरून साधारण सतरा लाख माणसं गेली असा अंदाज आहे. राजधानी नॉम पेन्हमधला तुओल स्लेंगचा कुप्रसिद्ध तुरुंग मुळात एक हायस्कूल होतं. वर्गखोल्यांच्या कोठड्या केल्या होत्या. १९७९ नंतर ज्याला चार अक्षरं येत होती त्याने ज्याला येत नव्हती त्याला शिकवलं, अशी शाळा पुन्हा उभी राहिली. आज खेड्यातली बाई सकाळी एक पाळी आणि दुपारी दुसरी घेते, कारण वर्गही कमी आणि शिक्षकही कमी. अशा बाईच्या हातातला खडू काढून घेऊन आपल्या पोरीने फळ्यासमोर उभं राहायचं, हे मला पटत नाही. त्या बाईंना हवा असतो मागच्या बाकावरच्या सहा मुलांपाशी बसणारा कुणीतरी, पुठ्ठ्याची अक्षरकार्डं कापून देणारा, गोष्टींच्या पुस्तकांची पेटी सांभाळणारा. माझ्या विद्यार्थिनीने दहा महिने तेच केलं. पहिले दोन महिने तर ती बाईंकडून ख्मेर शिकत होती.

आता एजन्सीचं. पत्रासोबतच्या माहितीपत्रकात ‘अनाथाश्रमालाही भेट’ असं एका ओळीत लिहिलंय. ती ओळ वाचून मी थांबले. कंबोडियात या प्रकाराने फार नुकसान केलंय. २०१५ साली तिथल्या सरकारने युनिसेफच्या मदतीने मोजणी केली, तेव्हा ४०६ निवासी संस्थांमध्ये १६,५७९ मुलं राहत होती. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरीब घरातून, शिक्षण मिळेल या आशेवर मूल तिथे दिलं जातं आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालते. पाहुणे येत राहिले की मुलंही लागत राहतात. पुढे सरकारने मुलांना घरी परत पोहोचवायचं धोरण घेतलं. लेकीला एवढं नक्की सांगा, की अनाथाश्रम दाखवणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमात जायचं नाही, मग तो फुकट असला तरी.

एजन्सीला तिने स्वतः फोन करून विचारावं. शाळेचं नाव काय? तिथल्या मुख्याध्यापकांनी स्वयंसेवक मागितलाय का? मी ज्या वर्गात असेन तिथे स्थानिक शिक्षक हजर असेल का? माझ्या १ लाख ४० हजारांतले शाळेकडे किती जातात? पोलिसांचा चारित्र्य दाखला मागणार का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कुणालाही काहीही न विचारता लहान मुलांमध्ये सोडणारी संस्था तुमच्या मुलीसाठीही धड नाही आणि त्या मुलांसाठीही नाही.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही घाबरताय ते अगदी बरोबर आहे. सर्वसाधारण खेड्यातली माणसं मायाळू आहेत, त्यांची भीती नाही. भीती आहे ती दोन गोष्टींची. पहिली, नोकरीच्या नावाने फसवणूक. डेटा एन्ट्रीचं काम सांगून भारतीय तरुणांना तिथे नेलं आणि डांबून सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं, असं बरंच घडलंय. मार्च २०२४ पर्यंत आपल्या दूतावासाने साधारण २५० जणांना सोडवून परत आणलं होतं, आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल जाहीर सूचनाही दिल्या आहेत. कुणी ‘आधी टूरिस्ट व्हिसावर या, पुढचं आम्ही बघतो’ म्हणालं तर तिथेच बोलणं संपवा. टूरिस्ट व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि तो कामासाठी नसतो. लांब मुक्कामाला ‘ई’ वर्गाचा व्हिसा लागतो. दुसरी, सीमा. २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवर चकमकी झाल्या, लोकांना गावं सोडावी लागली, आणि वायव्येकडच्या काही भागांत जुने भूसुरुंग अजून जमिनीत आहेत. म्हणून जाण्याआधी नॉम पेन्हमधल्या भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना पाहायच्या आणि तिथे पोहोचल्यावर नाव नोंदवायचं.

मग आता तिने करायचं काय? बार्शीतच सुरुवात करायची. माझं हे म्हणणं तिला कदाचित आवडणार नाही. पण तिकडच्या खेड्यांची अडचण आपल्याला परकी नाही. तिथले आईबाप गेली कित्येक वर्षं थायलंडला मजुरीला किंवा राजधानीजवळच्या कपड्यांच्या कारखान्यांत जात आलेत, पोरं आजीकडे राहतात. आपल्याकडे ऊसतोडीला कोयता निघाला की वर्गातले बाक रिकामे होतात. तिकडे ईशान्येला रतनकिरी नावाचा प्रांत आहे. नाव आपल्या रत्नागिरीसारखंच, रत्न आणि गिरी. तिथल्या तांपुअन, क्रेउंग मुलांची घरची भाषा ख्मेर नाही, म्हणून काही शाळांत त्यांच्या भाषेपासून सुरुवात करून मग ख्मेरकडे नेतात. मेळघाटात कोरकू मुलांचा आणि मराठी पुस्तकाचा प्रश्न हाच. मुलाला त्याच्या इयत्तेचं शिकवायचं की त्याला जिथपर्यंत येतं तिथून पुढे न्यायचं, यावर ‘प्रथम’ने मोठं काम केलंय. ही संस्था १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून सुरू झाली. माधव चव्हाण तिच्या संस्थापकांपैकी. इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करायचे, ही त्यांची पद्धत आता आफ्रिकेतल्या देशांतही वापरतात. ती तिने इथे, आपल्या भाषेत, हाताने करून पाहावी. चुकली तर निदान चुकल्याचं कळेल.

कॉलेजात एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, असेल तर वर्षाचे १२० तास त्यातच मोजता येतील. परीक्षेनंतर टीच फॉर इंडिया या संस्थेची दोन वर्षं शाळेत शिकवायची फेलोशिप आहे, पुण्यातही चालते, मानधन मिळतं. किंवा शिक्षणशास्त्रात एमए : मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), नाहीतर बंगळुरू-भोपाळचं अझीम प्रेमजी विद्यापीठ. यातलं एक पुरं केलं की संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाकडे अर्ज करावा. तिथे १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे आणि राहण्या-जेवण्याचा भत्ता तेच देतात. चुरस मोठी असते, एका अर्जात होईल असं धरू नका. घरी बसून करायचं ऑनलाइन स्वयंसेवेचं काम मात्र ती आजपासून शोधू शकते, त्याला एक रुपया लागत नाही.

तिच्या बाबांना सांगा, त्यांचा प्रश्न योग्य आहे. ज्या कामाला खरी गरज आणि खरं कौशल्य लागतं, त्याचे पैसे मिळतात. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार आयटीएवढा नसतो, पहिली पाच-सहा वर्षं हात आखडताच राहतो. पण पोट भरतं. वाचन शिकवण्यातलं खरोखर कळणारी माणसं कमी आहेत. संस्थांना ती हवी असतात, सरकारी प्रकल्पांनाही हवी असतात.

१ लाख ४० हजारांतले थोडे पासपोर्टला खर्च करा, बाकीचे एमएच्या फीसाठी बाजूला ठेवा. आणि या शनिवारी तिला घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवा, तुम्ही सोबत जा. मुख्याध्यापकांना भेटून दुसरी-तिसरीतलं, वाचनात मागे पडलेलं एकच मूल मागून घ्या. आठवड्याला दोन तास, तीन महिने. तिने वहीत दरवेळी तारीख घालावी आणि लिहावं : आज त्याला कुठलं अक्षर अडलं, का अडलं असावं, पुढच्या वेळी मी काय करून पाहणार. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं की चित्रावर हात ठेवायला सांगा.

ती वही भरली की मला पाठवा. माझ्या त्या विद्यार्थिनीशी तुमच्या लेकीचं बोलणं करून देईन, आणि कुठल्या शाळेला दहा महिन्यांसाठी माणूस हवा आहे ते आम्ही तिघी मिळून शोधू.