फ्रीजचा प्लग खडबडीत वाटेवर सुटतो? आधी वायर बांधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज डिकीत आहे आणि तिथल्याच १२ व्होल्टच्या सॉकेटला जोडलेला आहे. डांबरी रस्त्यावर तो दिवसभर बिनतक्रार चालतो. कच्च्या वाटेला लागलं की तास-दोन तासांनी बघावं तर दिवा बंद आणि आतलं सगळं कोमट. प्लगवर चिकटपट्टी गुंडाळून झाली, सॉकेट बदलून झालं, आता नवीन बॅटरी घ्यायच्या विचारात आहात.

बॅटरी घेऊ नका. डांबरी रस्त्यावर फ्रीज दिवसभर चालतो, म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर आणि फ्रीज तिन्ही धडधाकट आहेत. घोळ हादऱ्यांचा आहे आणि तो थोड्या खर्चात कायमचा सुटतो. चिकटपट्टी मात्र आजच काढा. प्लग गरम झाला की तिचा गोंद पातळ होतो आणि वाहत जाऊन प्लगच्या बाजूच्या धातूच्या पात्यांवर बसतो. मग प्लग हाताला घट्ट लागतो, पण वीज नीट पोचत नाही.

हे सॉकेट मुळात सिगारेट पेटवायच्या लायटरसाठी बनलं. लायटर तापला की त्याने आपोआप बाहेर उडी मारायची, अशी त्याची रचना. आपण त्याच जागेत प्लग बसवतो. प्लगच्या टोकाला स्प्रिंगवरची पिन असते. ती सॉकेटच्या तळाला टेकते आणि त्याच जोराने सगळ्या प्लगला सतत बाहेर ढकलत राहते. त्याला धरून ठेवायला बाजूच्या दोन पात्यांचं घर्षण, एवढंच. भोक साधारण २१ मिमीचं, पण प्रत्येक सॉकेट थोडं सैल किंवा थोडं घट्ट निघतं. गाडी दगडांवरून जाताना वायरचं वजन खालीवर हिसके देतं आणि प्लग केसाकेसाने बाहेर सरकतो. बाहेर पडलेला प्लग निदान दिसतो तरी. दोन मिलिमीटर सरकून जागेवरच राहिलेला दिसत नाही, आणि खरा त्रास देतो तो हाच.

मी हे शिकलो तेव्हा फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, त्यामुळे मी दर थांब्याला उतरून प्लग दाबून बघत होतो. घट्टच होता. तरी संध्याकाळी फ्रीज बंद आढळला. प्लग काढून कानाशी धरून हलवला, तर आत काचेचा फ्यूज खुळखुळत होता. या प्लगचं टोक म्हणजे आट्यांची एक छोटी रिंग असते. ती फिरवून उघडली की आत फ्यूज आणि स्प्रिंग. दिवसभराच्या थरथरीने ती रिंग दीड-दोन आटे सुटली होती. प्लग बाहेरून घट्ट, आतून तुटक. औषध किती वेळ आणि किती गरम झालं होतं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून ती इन्सुलिनची पेनं वापरली नाहीत. सुदैवाने दुसरा साठा मिळाला. तुमच्याही प्लगची रिंग आज फिरवून बघा. अर्धा आटा जरी फिरली, तरी तुमच्या त्रासातला एक वाटा सापडला समजा.

क्षणभर वीज गेली तर एवढं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटत असेल. इथेच कॉम्प्रेसर फ्रीज दिव्यापेक्षा वेगळा पडतो. चालू कॉम्प्रेसरची वीज अर्धा सेकंद जरी तुटली, तरी तो बंद पडतो. त्या वेळी वायूचा दाब एका बाजूला चढलेला असतो, आणि त्या दाबाविरुद्ध लहान मोटरला लगेच सुरू होता येत नाही. म्हणून कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा फ्रीजमधला सर्किट बोर्ड, साधारण मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करतो. अर्ध्या सेकंदाचा तुटवडा असा एका मिनिटाला पडतो. खराब वाटेवर दर काही सेकंदांनी गचका बसतो, त्यामुळे कॉम्प्रेसरला सलग चालायला मिळतच नाही. पॅनेलवरचा दिवा मधूनमधून लागलेला दिसतो, फ्रीज चालू आहे असं आपल्याला वाटतं, आणि आत तापमान चढत राहतं.

आता करायचं काय? मी सांगतो त्याच क्रमाने करा, कारण बरेच जण थेट महागडा कनेक्टर आणतात आणि तोही सुटतो.

सगळ्यात आधी फ्रीज बांधा. भरलेला फ्रीज जड असतो. तो दोन बोटं जरी सरकला, तरी वायर ओढली जाते. गाडीच्या लोखंडी कड्यांना, शक्यतो चारही बाजूंनी, पट्टे लावून आवळा. लवचीक रबरी दोऱ्या नकोत, त्या प्रत्येक उडीला ताणल्या जातात. पट्टा कॉम्प्रेसरच्या जाळीवरून नेऊ नका आणि जाळीसमोर हवा खेळायला जागा सोडा.

मग वायर बांधा. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे : जोडणीपर्यंत ओढ पोचूच द्यायची नाही. प्लगपासून १० ते १५ सेंटिमीटरवर वायर पक्क्या ठिकाणी जखडा. प्लास्टिकच्या पॅनेलला चिकटवलेला क्लिप चालत नाही, उन्हात तो निघून येतो. स्क्रूने बसवलेला क्लॅम्प किंवा गाडीचं कडं हवं. जखडलेली जागा आणि प्लग यांच्यामध्ये वायर किंचित सैल, लहानशा कमानीसारखी ठेवा. पुढे फ्रीजच्या अंगालाही तसंच : वायर आधी फ्रीजच्या हँडलला वेलक्रोच्या पट्टीने बांधायची, कमान ठेवायची, मग फ्रीजच्या पिनांमध्ये घालायची. हे टोक सगळे विसरतात. फ्रीजकडची दोन पिनांची जोडणी कित्येकदा गाडीकडच्या सॉकेटपेक्षाही ढिली असते. नुसत्या या बांधणीने बऱ्याच जणांचा त्रास निम्म्यावर येतो, आणि लागतात काय तर दोन क्लॅम्प आणि दोन पट्ट्या.

फ्रीज सरकत्या ट्रेवर असेल तर कमानीची लांबी ट्रे पूर्ण बाहेर ओढून ठरवा. मग ट्रे सावकाश आत ढकलत वायर कुठे चिमटते का ते डोळ्यांनी बघा. रुळाखाली सोललेली वायर म्हणजे शॉर्ट सर्किट.

आता कनेक्टर. लायटरचं सॉकेट ठेवायचंच असेल, तर आट्यांनी पिळून बसणारा प्लग आणि त्याच्याच जोडीचं सॉकेट घ्या. एंजेल आणि एआरबी या दोन्ही फ्रीजवाल्यांकडे तशी जोडी मिळते. प्लग आत घालून कॉलर फिरवला की तो मागे सरकूच शकत नाही. दुसरा पर्याय १२ मिमीच्या बारीक सॉकेटचा, ज्याला कुणी डीआयएन म्हणतं, कुणी हेला. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरवर हेच असतं. ते लायटरच्या सॉकेटपेक्षा कितीतरी घट्ट धरतं. तुमच्या फ्रीजच्या प्लगवर लाल प्लास्टिकचं कडं असेल तर ते काढून बघा. बऱ्याच प्लगांमध्ये कडं निघालं की खालून हा बारीक प्लगच निघतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

मी स्वतः मात्र गेली कित्येक वर्षं ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर वापरतोय आणि तुम्हालाही तोच सुचवीन. त्यात नर-मादी भानगड नाही, दोन्ही अर्धे सारखेच. चांदीचा मुलामा असलेल्या दोन सपाट पट्ट्या एकमेकींवर घासून बसतात आणि मागच्या पोलादी स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. हादऱ्याने संपर्क तुटत नाही. मात्र त्यालाही कुलूप नसतं, जोराने ओढला तर तो निघतो, त्यामुळे वायर बांधण्यातून इथेही सुटका नाही. दोन्ही अर्धे एकाच रंगाचे घ्या, वेगळ्या रंगांचे एकमेकांत बसत नाहीत. कॉन्टॅक्ट, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा, वायरच्या जाडीचाच मागा. कॉन्टॅक्टच्या मोठ्या नळीत बारीक वायर दाबली तर आज पकडते आणि सहा महिन्यांनी सैल होते. कॉन्टॅक्ट कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरात सरकवताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला की वायर मागे ओढून बघा. मागे आली, तर कॉन्टॅक्ट स्प्रिंगवर चढलेला नाही. हे दोन्ही बाजूंना, दोन्ही वायरींना करा. आणि पहिल्यांदा जोडायच्या आधी मीटरने प्लस-मायनस तपासा.

टोकं क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, डाग देऊ नका. डाग दिला की कथील वायरच्या बारीक तारांमध्ये वर चढतं आणि तिथे वायर काडीसारखी ताठ होते. ताठ भाग जिथे संपतो, तिथेच हादऱ्यांनी तारा एकेक करून तुटतात, आणि बाहेरचं आवरण शाबूत असल्याने ते दिसतही नाही. चांगल्या पकडीने क्रिम्प करा आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

वायरची जाडी. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरले तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं होतं. फ्रीज ५ अँपिअर ओढत असताना १.५ चौरस मिमीच्या वायरीत सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. ४ चौरस मिमी घेतली तर ०.२ च्या आसपास, ६ घेतली तर ०.१५. त्यात सैल प्लगचा ०.२ ओहम विरोध जमेला धरा : आणखी १ व्होल्ट गेला, आणि ५ वॉट उष्णता त्या बोटाएवढ्या प्लगमध्ये साठली. म्हणूनच प्लग तापतो. तापला की पात्यांची स्प्रिंग मरते, मग तो आणखी सैल होतो आणि आणखी तापतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या घरात असतं, त्यामुळे ही घट पचून जाते. मुक्कामाला इंजिन बंद केलं की मात्र फ्रीज ‘बॅटरी कमी’ म्हणून बंद पडतो, जरी बॅटरी निम्मी भरलेली असली तरी. असं झालं की लोक फ्रीजची बॅटरी-सुरक्षा, म्हणजे बॅटरी किती उतरल्यावर फ्रीजने बंद व्हायचं ती मर्यादा, ‘लो’ वर टाकून मोकळे होतात. तुमचा फ्रीज इंजिनच्याच बॅटरीवर असेल तर हे अजिबात करू नका, सकाळी गाडी सुरू होणार नाही. वेगळी बॅटरी असेल तरच ‘लो’.

तेव्हा ४ किंवा ६ चौरस मिमीची, बॅटरीपासून थेट आणलेली, फक्त फ्रीजसाठीची लाइन. मायनसही बॅटरीपर्यंत न्या, गाडीच्या बॉडीला लावलेला स्क्रू रंगाखाली गंजतो. बॅटरीच्या प्लस टोकापासून २० सेंटिमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, झाकण घट्ट बसणाऱ्या होल्डरमध्ये. हा फ्यूज फ्रीजसाठी नसून वायरसाठी आहे. तो टोकाच्या प्लगमध्ये असून उपयोग नाही, कारण मधली पाच मीटर वायर कुठे सोलली तर पेटेल तीच. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडं, आणि सगळ्या लांबीवर नालीदार नळी. हे काम हाताखालचं नसेल तर गाडीच्या वायरिंगवाल्याकडून करून घ्या, पण फ्यूज कुठे बसवला ते स्वतः बघा.

झाल्यावर तपासणी उभ्या गाडीत करा. फ्रीजचं तापमान खाली लावून कॉम्प्रेसर चालू ठेवा. एकाने फ्रीजवरचं व्होल्टेज बघायचं. पडद्यावर आकडा येत नसेल तर जोडणीच्या मागून मीटरच्या सुया लावायच्या. दुसऱ्याने प्रत्येक जोडणीपाशी वायर चांगली गदागदा हलवायची. आकडा जागचा हलता कामा नये. मग अर्ध्या तासाने प्रत्येक जोडणीला हात लावायचा. कोमट चालेल, गरम नाही. खराब वाटेवर पहिल्या तासानंतर थांबून हीच हात लावायची फेरी पुन्हा मारा.

आणि आत एक कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा. पॅनेलवरचा आकडा फक्त आत्ताचा असतो, मधल्या दोन तासांत काय झालं ते हा सांगतो. त्या संध्याकाळी माझ्याकडे तो असता, तर ती पेनं ठेवायची की टाकायची हे मला कळलं असतं. औषध नेणाऱ्यांनी तर त्याच्याशिवाय निघूच नये.

तुमच्या फ्रीजच्या मॉडेलवर बिघाडाचा दिवा असेल तर पुढच्या वेळी तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. सेकोपचा, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉसचा कंट्रोलर असेल, तर एकदा म्हणजे व्होल्टेज कमी पडलं, तीनदा म्हणजे मोटर सुरू होता होता अडली. तुमच्या लक्षणांवरून मला तीनची शक्यता जास्त वाटते. लुकलुक किती, कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज किती आणि त्याच वेळी फ्रीजवर किती, हे तीन आकडे सांगा. बॅटरीपासून डिकीपर्यंत वायरची खरी लांबीही मोजून सांगा, म्हणजे ४ पुरेल की ६ घ्यावी लागेल ते पक्कं सांगता येईल.