पोंगा पिवळा पडला म्हणून युरिया ओतू नका

प्रश्न (यावल तालुका): कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेल्या) केळीची नवी पानं पिवळी-पांढरी निघताहेत, शिरा मात्र हिरव्या. दुकानदाराने आधी युरिया दिला, मग मॅग्नेशियम सल्फेट. आता चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह) दुप्पट सोडा म्हणतो. सोडू का?

उत्तर: नाही भाऊ. दुप्पट अजिबात नको.

नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. तुमचा पोंगाच (शेंड्याचं नवं पान) पिवळा आहे, म्हणजे लोह कमी पडतंय. हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं हे दुकानदाराचं खरं, पण हरितद्रव्य बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. लोह इलेक्ट्रॉन देतं, परत घेतं आणि पुढच्या अभिक्रियेला मोकळं होतं. ते खर्ची पडत नाही, म्हणून पिकाला थोडकंच पुरतं. कॅटालेज हे एन्झाइम असंच लोहाच्या जोरावर पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. (बटाट्याच्या फोडीवर मेडिकलमधलं पेरॉक्साइड टाकून पाहा, फेस येतो.) मात्र लोह एन्झाइमबाहेर मोकळं फार झालं, तर त्याच पेरॉक्साइडपासून पेशी जाळणारे घटक तयार होतात. म्हणून पुन्हा सांगतो, डोस वाढवू नका.

तुमच्या जमिनीत लोह आहेच, चुनखडीने ते अडकवून ठेवलंय. त्यात रावेर-यावलकडे बघावं तिथे ठिबक तासन्‌तास चालू, वर १२:६१ या स्फुरदाच्या विद्राव्य खताचा मारा. स्फुरद लोहाला आणखी बांधतो, आणि वाफसा (मातीत ओलीबरोबर हवाही) नसेल तर मूळ काम करत नाही. आधी पाणी कमी करा. जमीन वाफशावर आली की निम्मं दुखणं तिथंच कळतं.

दुकानातलं ईडीटीए चिलेट चुनखडीत सोडणं म्हणजे पैसे मातीत. सामू (पीएच) ७ च्या वर गेला की ते लोह सोडून देतं. तिथे ईडीडीएचए चिलेट चालतं, पण महाग.

माझं म्हणाल तर एकरी १० किलो हिराकस (फेरस सल्फेट) १०० किलो शेणखतात ८-१० दिवस मुरवा आणि बुंध्याभोवती द्या. तोवर फवारणी: १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, मग ५० ग्रॅम हिराकस. संध्याकाळी, दुपारच्या उन्हात नाही. दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण तांबूस झालं की फेकून द्या. हिराकस हिरवीच घ्या, तपकिरी पडलेली दुकानदाराला परत करा.

मृदा आरोग्य पत्रिकेत लोहाचा आकडा मिळतो, नमुन्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा.

आधीच पिवळी पडलेली पानं हिरवी होतात का ते बघत बसू नका, नवा पोंगा बघा.