परत आलेला अर्ज

महाडीबीटीची, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या राज्य सरकारच्या पोर्टलची मुदत संपत आली की समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं, "फॉर्म भरला होता मॅडम, पण आमचं नाही झालं." नेमकं काय नाही झालं हे विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही. पोर्टलवर एकदा काहीतरी दिसलेलं असतं, त्यानंतर ते पान पुन्हा उघडलेलं नसतं. पालकही येतात, तेव्हा त्यांची ओळ जरा वेगळी असते: "आपल्यासारख्यांना कोण देतंय!"

अशाच एका मुलाची आणि त्याच्या वडिलांची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सहा भेटींतलं बोलणं थोडक्यात दिलं आहे.

मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. खुल्या प्रवर्गातला, केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेला. झोप नाही, जेवण नाही, तासांना बसणं बंद. परीक्षेआधी राहिलेली फी भरा, असा कॉलेजचा निरोप आला होता. "मी घरावर ओझं झालोय," एवढं बोलून तो गप्प बसला.

"शिष्यवृत्तीचा अर्ज?"

"रिजेक्ट झाला."

"तिथे हाच शब्द होता?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग म्हणाला, "तसंच काहीतरी. ऑक्टोबरमध्ये बघितलं होतं. परत नाही उघडलं."

डिसेंबर चालू होता. म्हणजे जवळजवळ दोन महिने तो एक न वाचलेला शब्द उशाशी घेऊन झोपत होता. पुढच्या भेटीत मी त्याला समोरच लॉगिन करायला सांगितलं. पासवर्ड आठवत नव्हता आणि आधारचा ओटीपी वडिलांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात होता. त्या भेटीत एवढंच ठरलं की आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा चालू मोबाईल नंबर जोडून यायचं. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण आधारला चालू नंबर नसेल तर पुढचं बरंच काही अडतं, म्हणून हे काम मी नेहमी आधी करून घेते.

तिसऱ्या भेटीत पान उघडलं. अर्ज नाकारलेला नव्हता, महाविद्यालयाच्या पातळीवरून परत पाठवलेला होता. कार्यालयातले लोक ज्याला 'सेंड बॅक' म्हणतात, तेच. शेऱ्यात दोन ओळी होत्या. एक, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा आहे. दोन, केंद्रीय प्रवेशाचं वाटपपत्र अस्पष्ट आहे.

'नाकारला' आणि 'परत पाठवला' या दोन शब्दांतला फरक मुलांनी नीट समजून घ्यायला हवा. अर्ज आधी महाविद्यालयाकडे तपासला जातो, तिथून संबंधित विभागाकडे जातो. या वाटेवर कुठेही कमतरता दिसली तर तो शेऱ्यासह विद्यार्थ्याकडे परत येतो. दुरुस्ती करून, कागद बदलून मुदतीत पुन्हा सादर केला की तोच अर्ज पुढे सरकतो. सादर केलाच नाही तर तो तिथेच पडून राहतो आणि वर्ष हातचं जातं. म्हणून अर्ज भरल्यावर निदान आठवड्यातून एकदा स्थिती पाहायची. मेसेज येईल म्हणून थांबायचं नाही, आणि मुदतवाढीच्या भरवशावर तर मुळीच राहायचं नाही.

शेरा वाचून मुलाचे खांदे जरा सैलावले. पण दाखल्याचा विषय निघताच म्हणाला, "अण्णा नाही आणणार. त्यांना तहसीलला जायचं नाहीये."

चौथ्या भेटीला अण्णा आले. स्वतःचा टेम्पो, भाजीपाल्याची आणि बांधकामाच्या मालाची वाहतूक. ते ताठ बसले होते. म्हणाले, "मॅडम, मी कधी कुणापुढे हात पसरला नाही. आणि दिवसाला तीन हजाराचा धंदा होतो माझा. आम्ही कुठे बसणार त्यात? साठ हजार लागतायत ना? एक जण देतोय, महिना तीन टक्क्यांनी."

महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. साठ हजारांवर एका वर्षाचं व्याजच २१,६०० रुपये. हे मी कागदावर लिहिलं. त्याच कागदावर त्यांच्या धंद्याचा हिशेब त्यांच्याच तोंडून मांडून घेतला. रोज ३,०००, महिन्याला २६ दिवस, वर्षाची आवक ९,३६,०००. त्यातून डिझेल ४,०५,६००, टायर आणि दुरुस्ती ९०,०००, विमा आणि कर ५५,०००, गाडीच्या कर्जावरचं व्याज ४८,०००. उरले ३,३७,४००. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे ८ लाख. आवक म्हणजे उत्पन्न नव्हे. धंदा करणाऱ्या कितीतरी घरांत ही एक चूक होते आणि पात्र मुलगा अर्जच करत नाही.

आकडा पटला, तरी चेहरा सैल झाला नाही. मग मी विचारलं, "अण्णा, गाडीचं पासिंग कधी परत आलंय का?"

"दोनदा आलंय की. एकदा रिफ्लेक्टरची पट्टी नव्हती. एकदा विमा संपला होता."

"मग काय केलंत?"

"काय करणार? पट्टी लावली, विमा भरला, परत नेली. तिसऱ्या फेरीला पास."

"गाडी भंगार आहे असं वाटलं का तेव्हा?"

"छे! चांगली गाडी आहे. कागद कमी होता."

खोलीत शांतता पसरली. मुलगा वडिलांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "अण्णा, माझंपण पासिंगच परत आलंय."

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणानंतर माझं काम बरंचसं संपलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मांडणी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते: घटना आणि भावना यांच्या मधे आपला विचार उभा असतो. इथे घटना होती एका कागदाची कमतरता. मुलाने तिचा अर्थ लावला, 'मी नाकारला गेलो.' वडिलांनी दाखल्याचा अर्थ लावला, 'माझी किंमत सरकार ठरवणार.' दोघांचा विचार एकच होता, फक्त एक जण त्यापायी झोपेना आणि दुसरा सावकाराकडे निघाला होता. हे मी समजावून सांगत बसले असते तर त्यांनी नुसती मान हलवली असती. पटलं ते वडिलांच्या स्वतःच्या अनुभवातून. उत्तर बहुतेक वेळा घरातच असतं, ते योग्य प्रश्न विचारून बाहेर काढावं लागतं.

आता कामाचं. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. शिधापत्रिका, आधार आणि स्वयंघोषणापत्र लागतं, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, नोकरी असेल तर पगाराचा दाखला. तलाठ्याचा अहवाल लागला तर त्यात दिवस जातात, म्हणून पंधरा दिवस हाताशी धरावेत. दाखला आर्थिक वर्षाचा असतो आणि त्यावर वैधतेची तारीख, सहसा ३१ मार्च, छापलेली असते. जोडण्याआधी ती तारीख वाचा. या मुलाचा अर्ज तिथेच अडला होता. आईवडील दोघेही कमावते असतील तर दोघांचं उत्पन्न धरावं लागतं.

राजर्षी शाहू महाराज योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. राज्याचं अधिवास प्रमाणपत्र हवं आणि प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही. हजेरीचीही अट आहे, त्यामुळे मन उदास आहे म्हणून तास बुडवणारा मुलगा नकळत शिष्यवृत्तीही बुडवतो. मुली, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती यांच्यासाठीच्या सवलती आणि मर्यादा वेगळ्या आहेत, त्या आपल्या प्रवर्गाप्रमाणे पाहाव्यात.

सर्वांत जास्त पैसे अडकतात ते बँकेत. खातं आधारशी 'लिंक' असणं आणि थेट लाभासाठी 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे आधारवरून कुठल्या खात्यात जायचे याची नोंद. ते एका वेळी एकाच खात्याला असतं आणि पैसे तिथेच जातात. मोबाईलच्या दुकानात उभ्या उभ्या उघडलेलं एखादं खातं सीड होऊन बसतं आणि मुलगा भलत्याच पासबुकात पैसे शोधत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत संमतीचा अर्ज द्यावा.

शिष्यवृत्ती मिळूनही निम्मी फी उरते. त्यासाठी सावकाराआधी बँक. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर, सहसा वर्षभराने सुरू होतात. या घराने तेच केलं. कॉलेजच्या प्राचार्यांनाही लेखी अर्ज दिला: शिष्यवृत्तीच्या अर्जाचा क्रमांक, दुरुस्ती करून पुन्हा सादर केल्याची तारीख, उरलेली फी दोन हप्त्यांत भरण्याची विनंती. तोंडी विनवण्या महिनाभर चालल्या होत्या. लेखी अर्जाला चार दिवसांत होकार आला.

शेवटच्या भेटीला अण्णा खिशात छोटी डायरी घेऊन आले होते. धाकटा दहावीत आहे, म्हणाले. "त्यालापण लागू होईल का हे?"

"एका घरातल्या दोन मुलांपर्यंत लाभ आहे."

"मग बसतो." त्यांनी डायरी उघडली आणि एप्रिलच्या पहिल्या पानावर लिहिलं: उत्पन्नाचा दाखला.