सातपूरच्या कारखान्यातल्या एका जुन्या नेटवर्क स्विचसाठी अ‍ॅन्सिबलमध्ये (अनेक उपकरणं एका जागेवरून सांभाळणारं साधन) सीबीसी सायफर (एन्क्रिप्शनची जुनी पद्धत) सगळ्या उपकरणांसाठी चालू करावा का?

नाही, त्या एका जुन्या स्विचपुरताच करा. स्विचला जोडताना ‘जुळणारा सायफर सापडला नाही’ अशी एरर येते, कारण ओपनएसएसएच (दूरच्या उपकरणाला सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्राम) ७.६ पासून (२०१७) क्लायंट सीबीसी सायफर आपणहून पुढे करत नाही. रिलीज नोट्समध्ये तसं स्पष्ट दिलंय. कंट्रोल मशीनच्या (जिथून अॅन्सिबल चालतं त्या संगणकाच्या) एसएसएच कॉन्फिगमध्ये स्विचच्या आयपीचा वेगळा होस्ट ब्लॉक करा, ‘सायफर्स’पुढे + देऊन एररमध्ये स्विचने सांगितलेलं नाव लिहा, बहुधा एईएस१२८-सीबीसी. ते + अजिबात विसरू नका, नाहीतर त्या होस्टसाठी मूळ यादी जाऊन फक्त जुना सायफर उरतो. मात्र अॅन्सिबलमध्ये नेटवर्क-सीएलआय जोडणी (नेटवर्क उपकरणांसाठीचा जोडणीचा प्रकार) असेल तर एवढ्याने भागेलच असं नाही. तिथे ओपनएसएसएचऐवजी पॅरामिको किंवा लिबएसएसएच या वेगळ्या एसएसएच लायब्ररी काम करतात.