किक पेडल : साखळी की दांडी?

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्राचं किक पेडल (पायानं मोठा ड्रम वाजवायचं पेडल) मोडलं. एका साखळीचं घ्यावं, दोन साखळ्यांचं, की डायरेक्ट ड्राइव्ह? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, साखळ्या मोजू नका. दुसरी साखळी बाजूची डगमग कमी करते, बाकी पायाला फारसं कळत नाही. आधी फूटबोर्ड (पाय ठेवायची पट्टी) धरून आडवा हलवून पाहा. टाचेच्या बिजागरीत खुळखुळ लागली तर तिथंच ठेवून या. माझं पहिलं पेडल ऐन लग्नसराईत तिथूनच गेलं. उरलेली वरात मी फ्लोअर टॉमवर, म्हणजे काठीनं वाजवायच्या खालच्या ड्रमवर, भागवली.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये साखळीऐवजी कडक दांडी असते. पाय हलला की बीटर (ड्रमवर आपटणारा हातोडा) हलला, मधे झोल नाही. डबल किकवाल्यांना, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवणाऱ्यांना, ते आवडतं. मला साखळीचा किंचित सैलपणाच बरा वाटतो. साखळी ज्यावर फिरते ते चाकही पाहा. टामा कंपनीच्या आयर्न कोब्रा पेडलात गोल चाकाचं रोलिंग ग्लाइड येतं, त्याची चाल सारखी. पॉवर ग्लाइडमध्ये ठोक्याच्या शेवटी जोर वाढतो.

मांडवातल्या सतरंजीवर पेडल सरकतं, म्हणून खाली प्लेट हवीच, मोटारसायकलवर न्यायला जड झाली तरी. आणि तेल थेंबभरच टाका. कापूस वेचणीच्या दिवसांत जास्तीच्या तेलावर धूळ अन् कापसाचे तंतू बसून साखळी काळी, चिकट होते. मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती साफ करतो.